श्रवणतज्ज्ञ : शिक्षण, प्रशिक्षण आणि नोंदणी

दर वर्षी ३ मार्च हा दिवस जगभर जागतिक श्रवण दिन म्हणून पाळला जातो. श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या मोठी असली तरी हा दोष डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे त्याची चर्चाही कमी होते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख ७१ हजार व्यक्तींची श्रवणविषयक अपंगत्व असलेल्या व्यक्ती म्हणून नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक अहवालानुसार जगातील ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषामुळे पुनर्वसन सेवेची गरज आहे. २०५० पर्यंत ही संख्या ७० कोटींच्या पुढे जाईल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

ही सेवा देण्यासाठी रुग्णालय हवे, यंत्रे हवीत आणि निधीही हवा. मात्र यंत्रावर दिसणाऱ्या रेषेचा अर्थ लावून पुढे काय करायचे हे ठरवणारी प्रशिक्षित व्यक्ती नसेल, तर या साऱ्या साधनांचा उपयोग मर्यादित राहतो. ही व्यक्ती म्हणजे श्रवणतज्ज्ञ, अर्थात ऑडिओलॉजिस्ट. या व्यवसायाचे शिक्षण भारतात कोठे मिळते, त्यात नेमके काय शिकवले जाते आणि ते इतके दीर्घ का असते, याची माहिती या लेखात दिली आहे.

श्रवणतज्ज्ञ कोणास म्हणावे

ऐकण्याची क्षमता आणि शरीराचा तोल यांचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे श्रवणशास्त्र. अंतर्कर्णात ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे अवयव परस्परांना लागून असतात. म्हणून हे दोन्ही विषय एकाच शास्त्रात येतात. ऐकण्याची तपासणी करणे, दोषाचा प्रकार व तीव्रता ठरवणे, श्रवणयंत्र निवडून ते व्यक्तीच्या गरजेनुसार जुळवणे, कॉक्लियर रोपणानंतर यंत्राची जुळणी करणे आणि रुग्णाला व कुटुंबाला समुपदेशन देणे ही श्रवणतज्ज्ञाची मुख्य कामे होत.

कान, नाक व घसा तज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञ यांच्यात अनेकदा गल्लत केली जाते. पहिले वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतात. औषधोपचार आणि शस्त्रक्रिया हा त्यांचा अधिकार आहे. श्रवणतज्ज्ञ औषधे देत नाहीत. मात्र कोणत्या रुग्णाला डॉक्टरकडे तातडीने पाठवायचे, हे ओळखणे त्यांच्या प्रशिक्षणाचा महत्त्वाचा भाग आहे. एका कानाचे ऐकणे अचानक बंद झाल्यास ती वैद्यकीय तातडी मानली जाते. अशा वेळी श्रवणयंत्राचा विचार नंतरचा. रुग्णाने त्याच दिवशी डॉक्टरकडे पोहोचणे आवश्यक असते. एकाच कानात सतत आवाज येणे किंवा दोन्ही कानांच्या श्रवणात लक्षणीय फरक असणे, ही लक्षणेही अधिक वैद्यकीय तपासणीची मागणी करतात.

शास्त्राचा उगम आणि भारतातील सुरुवात

श्रवणशास्त्र ही तुलनेने तरुण शाखा आहे. दुसऱ्या महायुद्धात स्फोट आणि तोफांच्या आवाजाने श्रवण गमावलेले हजारो सैनिक मायदेशी परतले. त्यांच्या पुनर्वसनासाठी अमेरिकेत लष्करी रुग्णालयांत जे काम झाले, त्यातून हे शास्त्र आकारास आले. या कामात अग्रेसर असलेले रेमंड कारहार्ट यांनी युद्धानंतर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात या विषयाच्या शिक्षणाचा पाया घातला. अंतर्कर्णातील ध्वनितरंगांच्या प्रवासाचा उलगडा करणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात या शिक्षणाची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. मुंबईतील टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालय हे या शिक्षणाच्या अगदी आरंभीच्या केंद्रांपैकी एक होय. १९६५ मध्ये म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेची स्थापना झाली. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाच्या अधिपत्याखालील ही स्वायत्त संस्था असून पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण तेथे दिले जाते.

१९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे केंद्र सरकारने श्रवणदोषाविषयीची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या अखत्यारीतील या संस्थेची प्रादेशिक केंद्रे कोलकाता, सिकंदराबाद आणि नोएडा येथे आहेत. पुण्यात भारती विद्यापीठाच्या अंतर्गत या विषयाचे शिक्षण मिळते. चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, पुद्दुचेरीची जिपमर, चेन्नईचे श्री रामचंद्र आणि तिरुवनंतपुरमची निश या संस्थाही या क्षेत्रात परिचित आहेत.

पदवी अभ्यासक्रम

श्रवणतज्ज्ञ होण्याची पहिली पायरी म्हणजे बीएएसएलपी ही पदवी. श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा चिकित्सा या दोन्ही विषयांची ही संयुक्त पदवी आहे. तिचा कालावधी एकूण चार वर्षांचा असतो. पहिली तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे, वर्गातील अध्यापन आणि चिकित्सालयातील प्रात्यक्षिक यांसाठी असतात. चौथे वर्ष आंतरवासितेचे असते.

बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासह उत्तीर्ण झालेले विद्यार्थी प्रवेशास पात्र ठरतात. तिसरा विषय जीवशास्त्र असणे सर्वत्र सक्तीचे नाही. गणितासारखे अन्य काही विषयही ग्राह्य धरले जातात. तथापि प्रवेशाची पद्धत संस्थेनुसार बदलते. काही संस्था स्वतःची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा घेत आल्या आहेत. महाराष्ट्रात हे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या प्रक्रियेतून, ‘नीट’ परीक्षेतील गुणांच्या आधारे होत आले आहेत. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने विद्यार्थ्यांनी त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज करावा.

पदवीच्या अभ्यासक्रमात कान, स्वरयंत्र आणि मेंदू यांची रचना व कार्य, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, श्रवणचाचण्या, श्रवणयंत्रे, तोतरेपणा, आवाजाचे विकार आणि बालकांमधील भाषाविकास यांचा समावेश असतो. भौतिकशास्त्रापासून भाषाशास्त्रापर्यंत इतके भिन्न विषय एकत्र शिकावे लागणारे आरोग्यक्षेत्रातील अभ्यासक्रम थोडेच आहेत. ज्या विद्यार्थ्याला विज्ञानाची आवड आहे, पण माणसांशी बोलण्याचा कंटाळा आहे, त्याला हा अभ्यास जड जातो. उलट केवळ सेवाभाव असून आकडेमोडीचा तिटकारा असेल, तरीही अडचण येते.

पदव्युत्तर शिक्षण

बीएएसएलपी पदवीधर नोंदणी करून श्रवण आणि वाचा या दोन्ही क्षेत्रांत काम करू शकतो. केवळ श्रवणशास्त्रात प्रावीण्य मिळवायचे असल्यास श्रवणशास्त्रातील एम.एस्सी. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. पूर्वी पदव्युत्तर शिक्षणही प्रामुख्याने संयुक्त स्वरूपाचे होते. ज्ञानाचा विस्तार वाढत गेला तसे म्हैसूरसह अनेक संस्थांनी श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा चिकित्सा यांच्या स्वतंत्र पदव्युत्तर पदव्या सुरू केल्या. काही ठिकाणी संयुक्त पदव्युत्तर पदवीही दिली जाते.

एम.एस्सी.च्या चार सत्रांत श्रवणाचे शरीरक्रियाशास्त्र, ध्वनीचे मानसभौतिक आकलन, विद्युत-शारीरिक चाचण्या, तोल व चक्कर यांच्या चाचण्या, बालश्रवणशास्त्र, श्रवणयंत्र तंत्रज्ञान, रोपणयोग्य उपकरणे, मेंदूच्या पातळीवरील श्रवणप्रक्रियेतील दोष आणि संशोधनपद्धती हे विषय खोलात शिकवले जातात. त्यासोबत प्रत्यक्ष रुग्णसेवा आणि संशोधनावर आधारित लघुप्रबंध असतो.

पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण यांतील खरा फरक विषयांच्या यादीत सापडत नाही. पदवीच्या काळात विद्यार्थी चाचणी बिनचूक करायला शिकतो. पदव्युत्तर काळात दोन चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले तर काय करायचे, हे त्याला शिकावे लागते. पर्यवेक्षकाच्या नजरेखाली असे शेकडो प्रसंग हाताळल्यानंतरच स्वतंत्र निर्णयाचा अधिकार सार्थ ठरतो.

चाचणीगृहातील पहिले धडे

श्रवणाची मूलभूत चाचणी म्हणजे शुद्ध स्वर श्रवणमापन. ध्वनिरोधक खोलीत रुग्णाला हेडफोन लावून साधारणपणे २५० ते ८००० हर्ट्झ या पट्ट्यातील वेगवेगळे स्वर ऐकवले जातात. प्रत्येक स्वराचा रुग्णाला जेमतेम ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज शोधून तो आलेखावर नोंदवला जातो. या आलेखास ऑडिओग्राम म्हणतात. त्यावरील शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण व्यक्तींना सरासरीने जेमतेम ऐकू येणारी ती पातळी आहे.

आवाजाची पातळी कशी बदलायची याचा नियम विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच पाठ होतो : रुग्णाने प्रतिसाद दिला की १० डेसिबलने खाली यायचे, प्रतिसाद थांबला की ५ डेसिबलने वर जायचे. नियम सोपा असला तरी रुग्ण अंदाजाने बटण दाबत आहे की खरोखर ऐकून, हे ओळखण्यास सराव लागतो. स्वरांमधील अंतर एकसारखे ठेवल्यास रुग्ण नकळत ताल धरतो आणि स्वर नसतानाही प्रतिसाद देतो. म्हणून ते अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवावे लागते.

यापुढचा धडा मास्किंगचा असतो. एका कानाला दिलेला मोठा आवाज कवटीच्या हाडातून दुसऱ्या कानापर्यंत पोहोचू शकतो. नेहमीच्या हेडफोनच्या बाबतीत दोन्ही बाजूंत सुमारे ४० डेसिबलचा फरक असल्यास ही शक्यता गृहीत धरावी लागते. कानामागील हाडावर कंपक ठेवून केलेल्या चाचणीत तर आवाज जवळजवळ तितक्याच तीव्रतेने पलीकडे जातो. म्हणून चाचणी चालू नसलेल्या कानाला विशिष्ट पातळीचा खरखराट ऐकवून गुंतवून ठेवतात. हे केले नाही, तर पूर्णपणे निकामी झालेला कानही आलेखावर थोडेफार ऐकू येणारा म्हणून नोंदला जातो. अशा आलेखाच्या आधारे निवडलेले यंत्र किंवा ठरवलेली शस्त्रक्रिया चुकीच्या दिशेने जाऊ शकते.

हवेतून आणि हाडातून केलेल्या चाचण्यांची तुलना करून दोषाचा प्रकार ठरतो. हाडातून ऐकणे चांगले आणि हवेतून कमी असल्यास अडथळा बाह्य किंवा मध्य कानात असतो. कानातील मळ, पडद्याला पडलेले छिद्र, मध्यकर्णात साचलेला द्रव अशा कारणांवर अनेकदा वैद्यकीय उपचार शक्य असतात. दोन्ही मार्गांनी ऐकणे सारखेच कमी असल्यास दोष अंतर्कर्णात किंवा श्रवणचेतेत असतो. असा दोष बहुधा कायमचा असल्याने त्यासाठी श्रवणयंत्र अथवा रोपणाचा विचार करावा लागतो.

तान्ह्या बाळाची तपासणी

तान्हे बाळ बटण दाबून उत्तर देऊ शकत नाही. त्यामुळे बालश्रवणशास्त्र हा या शिक्षणाचा सर्वांत जबाबदारीचा भाग ठरतो. कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण जगभरच्या अभ्यासांत साधारणपणे हजारी एक ते तीन असे आढळते. आयुष्याची पहिली काही वर्षे भाषा आत्मसात करण्यासाठी सर्वाधिक अनुकूल असतात. म्हणूनच पहिल्या महिन्यात प्राथमिक चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना असा सर्वमान्य दंडक आहे.

नवजात बाळाच्या चाळणीसाठी प्रामुख्याने दोन चाचण्या वापरल्या जातात. पहिली ओएई. निरोगी अंतर्कर्णातील बाह्य केशपेशी आवाजाला प्रतिसाद देताना स्वतःही अतिशय क्षीण ध्वनी निर्माण करतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. हा ध्वनी सूक्ष्म मायक्रोफोनने टिपला जातो. दुसरी चाचणी भारतात ‘बेरा’ या नावाने ओळखली जाते. तीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून श्रवणचेता आणि मस्तिष्कस्तंभातील विद्युत प्रतिसाद मोजला जातो. या तपासणीच्या वेळी बाळ झोपलेले असणे इष्ट असते.

उदाहरणादाखल पुढील परिस्थिती पाहू. मुदतपूर्व जन्मलेले आणि तीव्र कावीळ झालेले एक बाळ नवजात अतिदक्षता विभागातून घरी जाते. त्याची ओएई चाचणी योग्य येते आणि पालकांना सर्व ठीक असल्याचे सांगितले जाते. काही महिन्यांनी आवाजाकडे बाळ लक्ष देत नाही, असे आईच्या ध्यानात येते. येथे चाचणी खोटी नव्हती, पण अपुरी होती. श्रवणचेतेच्या विकारात केशपेशी कार्यक्षम असू शकतात आणि तरीही मेंदूपर्यंत सुसंगत संदेश पोहोचत नाही. अशा बाळांत ओएई आढळते, परंतु ‘बेरा’चा प्रतिसाद आढळत नाही किंवा अत्यंत विस्कळीत असतो. म्हणूनच अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांसाठी ‘बेरा’वर आधारित चाळणी आवश्यक मानली जाते.

एका चाचणीच्या निष्कर्षाची दुसऱ्या स्वतंत्र चाचणीने पडताळणी करावी, हे तत्त्व जेम्स जर्जर आणि डेबोरा हेज यांनी १९७६ मध्ये मांडले. आजही बालश्रवणशास्त्राचा तो आधार आहे. त्याचबरोबर आईवडिलांचे निरीक्षण हीसुद्धा एक महत्त्वाची नोंद असते. ‘मूल मोठे झाले की बोलेल’ अशा आश्वासनात गेलेले महिने नंतर भरून काढणे कठीण असते. प्रशिक्षित श्रवणतज्ज्ञाने असे आश्वासन चाचणीविना कधीही देऊ नये, हे विद्यार्थ्यांना वारंवार सांगितले जाते.

श्रवणयंत्र आणि कॉक्लियर रोपण

श्रवणयंत्र म्हणजे केवळ आवाज मोठा करणारे साधन, असा समज रूढ आहे. वस्तुतः बहुतेक रुग्णांत काही स्वर कमी ऐकू येतात आणि काही जवळजवळ पूर्ववत असतात. सर्वच आवाज सारखे वाढवल्यास जे नीट ऐकू येते तेही असह्य होते. त्यामुळे प्रत्येक स्वरपट्टीत किती वाढ द्यायची याची सूत्रे वापरून यंत्र संगणकावर जुळवले जाते. नंतर रुग्णाच्या कानात बारीक नळी ठेवून पडद्याजवळ प्रत्यक्षात किती आवाज पोहोचतो, हे मोजले जाते. बाळाचा कर्णमार्ग लहान असल्याने त्याच यंत्राचा आवाज प्रौढापेक्षा त्याच्या कानात अधिक तीव्र होतो. कान वाढत असल्याने कानाचा साचाही वरचेवर नव्याने करावा लागतो.

तीव्र किंवा अतितीव्र श्रवणदोषात श्रवणयंत्राचा पुरेसा लाभ होत नसेल, तर कॉक्लियर रोपणाचा विचार करण्यात येतो. यात शस्त्रक्रियेने कॉक्लियात, म्हणजे शंखाकृती अंतर्कर्णात, इलेक्ट्रोड बसवून श्रवणचेतेला थेट विद्युत संदेश दिले जातात. शस्त्रक्रिया काही तासांची असते. त्यानंतरचे काम अनेक वर्षे चालते. जखम भरल्यावर यंत्र सुरू करणे, प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी ठरवणे आणि मूल वाढेल तसे त्यात बदल करणे हे श्रवणतज्ज्ञ करतो. केंद्र सरकारच्या एडीप योजनेतून गरजू बालकांना रोपणासाठी साहाय्य दिले जाते. अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामासाठी मध्यवर्ती संस्था म्हणून काम पाहते.

रोपण किंवा यंत्र हा एकमेव मार्ग आहे, असे मात्र नाही. अनेक कर्णबधिर व्यक्ती सांकेतिक भाषेतून शिक्षण घेतात आणि समृद्ध जीवन जगतात. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये नवी दिल्लीत स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. मुलापर्यंत कोणती ना कोणती भाषा वेळेत पोहोचणे महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी सर्व पर्याय पालकांपुढे निःपक्षपातीपणे ठेवणे ही श्रवणतज्ज्ञाची जबाबदारी आहे.

भाषेचे महत्त्व

शुद्ध स्वर कोणत्याही प्रांतात सारखाच असतो. बोलणे तसे नसते. रुग्णाला शब्द किती स्पष्ट कळतात हे मोजण्यासाठी त्याच्याच भाषेतील शब्दांच्या प्रमाणित याद्या लागतात. इंग्रजीतील यादी मराठीत भाषांतरित करून भागत नाही, कारण भाषेगणिक ध्वनींची वारंवारता आणि शब्दांची घडण बदलते. मराठीत ‘काल’ आणि ‘काळ’, ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील भेद एका व्यंजनाचा असतो. उंच स्वर न ऐकू येणाऱ्या वृद्धाला ‘स’, ‘श’ असे ध्वनी निसटतात आणि ‘आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी त्याची तक्रार असते. भारतीय भाषांतील अशा चाचण्या तयार करणे हा अनेक लघुप्रबंधांचा विषय राहिला आहे आणि या क्षेत्रात अजूनही बरेच काम करण्याजोगे आहे.

परप्रांतात शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी. म्हैसूरला शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याकडे येणारे अनेक रुग्ण कन्नड बोलणारे असतात. तिरुवनंतपुरममध्ये मल्याळम, तर सिकंदराबादमध्ये तेलुगू आणि उर्दू कानावर पडते. वर्गातील अध्यापन इंग्रजीत असले तरी चिकित्सालयातील संवाद स्थानिक भाषेत होतो. त्यामुळे कामापुरती ती भाषा शिकून घेण्याची तयारी हवी. हैदराबाद, इंदूर, बडोदा किंवा बेळगाव येथे वाढलेल्या आणि घरी मराठी व बाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची द्विभाषिकता या व्यवसायात मोठी जमेची बाजू ठरते.

नोंदणी आणि कायदा

भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम १९९२ नुसार या व्यवसायाचे नियमन होते. परिषद अभ्यासक्रम ठरवते, संस्थांना मान्यता देते आणि पात्र व्यावसायिकांची केंद्रीय पुनर्वसन नोंदवही ठेवते. मान्यताप्राप्त पदवी आणि या नोंदवहीत नाव असल्याखेरीज व्यवसाय करणे हा दंडनीय अपराध आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. नोंदणीचे ठरावीक कालावधीनंतर नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणात सहभाग आवश्यक असतो.

श्रवणतज्ज्ञाच्या अहवालाला कायदेशीर महत्त्वही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरपट्टीत ७० डेसिबल दोष असलेल्या व्यक्तीस कर्णबधिर, तर ६० ते ७० डेसिबल दोष असलेल्या व्यक्तीस ऐकण्यास कमी येणारी व्यक्ती असे संबोधले आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, शैक्षणिक सवलती आणि नोकरीतील आरक्षण अशा आकड्यांवर अवलंबून असल्याने चाचणीतील काही डेसिबलची चूक एखाद्याचा हक्क हिरावू शकते. लाभासाठी खोटा श्रवणदोष दाखवणारी व्यक्ती ओळखण्याच्या पद्धतीही याच कारणासाठी शिकवल्या जातात.

रस्त्यावरील दुकानात अथवा घरपोच ‘मोफत तपासणी’ करून श्रवणयंत्र विकले जाताना अनेकांनी पाहिले असेल. ग्राहकाने अशा वेळी तपासणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारावा. असा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

कामाची क्षेत्रे

राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि पुढे त्याचा विस्तार झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात बालकांच्या श्रवणदोषाच्या तपासणीचा समावेश असून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत श्रवण व वाचातज्ज्ञांची आवश्यकता असते. याशिवाय सरकारी व खासगी रुग्णालये, विशेष शाळा, रोपण केंद्रे, श्रवणयंत्र उत्पादक कंपन्या, अध्यापन, संशोधन आणि स्वतंत्र व्यवसाय ही क्षेत्रे खुली आहेत. गोंगाटाच्या कारखान्यांत आणि खाणींत कामगारांची नियमित श्रवणतपासणी हेही एक महत्त्वाचे क्षेत्र आहे. गोंगाटामुळे गेलेले ऐकणे परत येत नाही. ते केवळ टाळता येते.

मोठ्या शहरांत श्रवणतज्ज्ञ तुलनेने सहज भेटतात. तालुक्याच्या गावी मात्र मुलाच्या एका ‘बेरा’ चाचणीसाठी पालकांना दिवसभराचा प्रवास करावा लागल्याची उदाहरणे आजही आढळतात. लहान शहरात परतून काम करणाऱ्या पदवीधराची उणीव तेथे प्रकर्षाने भासते.

परदेशातील शिक्षण

अमेरिकेत श्रवणतज्ज्ञ होण्यासाठी आता एयूडी ही व्यावसायिक डॉक्टरेट पदवी लागते. पदवीनंतर तिला साधारणपणे चार वर्षे लागतात. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी हा प्रचलित मार्ग आहे. प्रत्येक देशाची परवाना पद्धत स्वतंत्र असल्याने भारतीय पदवी तेथे आपोआप ग्राह्य धरली जाईल, असे समजू नये.

प्रवेशापूर्वी

या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने चार गोष्टी अवश्य तपासाव्यात. संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे का. संस्थेच्या चिकित्सालयात पुरेसे रुग्ण, विशेषतः लहान मुले, येतात का. ‘बेरा’, ओएई आणि तोलाच्या चाचण्यांची यंत्रे चालू स्थितीत असून विद्यार्थ्यांना ती हाताळू दिली जातात का. आणि आंतरवासिता कोठे होते. शक्य असल्यास एक दिवस एखाद्या चिकित्सालयात बसून काम पाहावे.

तेथे बहुधा एखादी आई बाळाला मांडीवर घेऊन, ते झोपण्याची वाट पाहत बसलेली दिसेल. बाळ झोपले की चाचणी सुरू होते. तासाभराने पडद्यावर रेषा उमटतात आणि त्यांचा अर्थ त्या आईला तिच्या भाषेत, खरा आणि समजेल असा सांगावा लागतो. चार किंवा सहा वर्षांचे हे शिक्षण त्या संभाषणाची तयारी असते.